बारसमोर उभं राहताना

भीती आधी पायांत उतरते. आमच्या कॉलनीतल्या माझ्या वयाच्या बायकांकडं बघताना हे सारखं जाणवतं. जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडं जातो. ओल्या बाथरूममध्ये पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबणं होतं. रिक्षातून उतरायचं तर आधी कुणाचा तरी खांदा शोधला जातो. त्या अजून पडलेल्या नसतात, पण आपण पडू असं त्यांना वाटत असतं. मग भाजी आणायला सून जाते, देवळात जाणं सणासुदीपुरतं उरतं, मांड्यांना काम राहत नाही, त्या सुकत जातात, आणि ज्या पडण्याला एवढं भ्यायलं ते खरंच दाराशी येऊन उभं राहतं. पडण्याची भीती हेच पुढच्या पडण्याचं एक मोठं कारण असतं, हे म्हाताऱ्या माणसांवर काम करणारे डॉक्टर कधीपासून सांगतायत.

मी निवृत्त शिक्षिका. वय 63. जन्म सोलापूरचा, नोकरी सोलापुरात, आता पेन्शनही इथंच खाते. आठवड्यातून दोनदा सकाळी मी पूर्व भागातल्या एका जिममध्ये जाऊन डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं), स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) आणि डोक्यावरचा प्रेस (खांद्यापासून वजन डोक्यावर ढकलणं) करते. व्यायाम कसा करावा यावर आता मराठीतही भरपूर सांगितलं जातं. पण वजनापुढं उभं राहण्यासाठी या वयात मनाची जी तयारी लागते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तरुण पोरांना जे सांगतात तेच आम्हाला सांगतात: जोश आण, ओरड, बारवर, म्हणजे वजनाच्या त्या लोखंडी दांड्यावर, तुटून पड. माझा अनुभव असा की आमच्या वयात ते चालत नाही. वेगळी तयारी लागते, आणि ती शिकता येते.

आधी शरीराचं थोडं. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही आधी जातात ते झटक्यात काम करणारे तंतू. ठेच लागल्यावर दुसरा पाय पटकन पुढं टाकून तोल सावरणं हे त्यांचंच काम. म्हणजे नुसती ताकद जात नाही, ताकदीचा वेग जातो. रोज तासभर सिद्धेश्वर तलावाभोवती फिरून हृदय चांगलं राहतं, फिरणं सोडू नये असंच मी म्हणेन, पण या तंतूंना फिरण्यानं जाग येत नाही. त्यांना ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात सगळ्या मोठ्या माणसांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आहे, आणि 65 च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम वेगळा सांगितलाय.

आणि उशीर झाला असं कुठल्याच वयात नसतं. 1990 साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमवजा रुग्णालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा थकलेल्या माणसांना आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम दिला, तोही हलका नाही, चांगला जड. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, कारण 'आता या वयात कशाला' हे वाक्य ऐकलं नाही असा माझा आठवडा जात नाही.

माझ्या बाबतीत सुरुवात हाडांच्या तपासणीच्या रिपोर्टनं झाली. कमरेची हाडं ठिसूळ होत चालली आहेत असं त्यात होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दार उघडता उघडता सांगितलं, "आता वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही." मी घरी आले. दुसऱ्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस होता.

सोलापूरबाहेरच्यांना हे सांगावं लागेल. इथं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. येतं त्या दिवशी घरातलं बाकी सगळं थांबतं. टाकी, पिंप, घागरी, कळशा, पातेली, जे जे भरता येईल ते भरायचं. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो, वर बादलीचं वजन. ती नळापासून मोरीपर्यंत, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तीही एका हातात, कंबर एका बाजूला कलवून, ओल्या फरशीवरून. आमच्या पिढीतल्या प्रत्येक बाईनं जन्मभर हेच केलं. त्यात वजन उचलू नका असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. रिपोर्ट आला तरी त्या दिवशी पाणी भरायला मीच होते. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं: ओझं माझ्या आयुष्यातून जाणार नाहीच. ते नीट उचलायला शिकणं तेवढं माझ्या हातात आहे.

पुढं वाचलं तेव्हा याला आधारही सापडला. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांवर एक अभ्यास झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. 'लिफ्टमोर' त्याचं नाव. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, आठ महिने. डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावरचा प्रेस. एका दमात पाच वेळा उचलायचं, असे पाच सेट, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या 80-85 टक्क्यांहून जास्त वजनानं. शिवाय उडी मारून बारला लटकायचं आणि खाली पाय आपटून उतरायचं. या बायकांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्क्यांनी घटली. यातल्या दोन गोष्टी लोक वाचताना सोडून देतात. पहिल्या महिन्यात त्यांना वजन जवळजवळ दिलंच नव्हतं, फक्त पद्धत शिकवली. आणि प्रत्येक वेळी जाणकार माणूस समोर उभा होता. मणक्याचं हाड आधीच मोडलेलं असेल, छातीत दुखत असेल, बीपी ताब्यात नसेल, तर आधी डॉक्टर. हे मी कुणालाही आधी विचारते. मीही दुसऱ्या डॉक्टरांकडं रिपोर्ट घेऊन गेले, काय करणार ते कागदावर लिहून दाखवलं, आणि त्यांची हो मिळाल्यावरच सुरुवात केली.

आमची जिम म्हणजे पूर्वी मागाची शेड होती. वर पत्रा. शेजारच्या शेडमध्ये अजून टॉवेलचे माग चालतात, त्यांचा खडखडाट भिंतीतून येत राहतो. उन्हाळ्यात सहाच्या आत पोचलं नाही तर साडेआठला पत्रा तापून डोकं धरतं. कोच तिशीतला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, एकदोघांशी कन्नड. मला तो बाई म्हणतो, शाळेतल्यासारखं. पहिला महिना त्यानं माझ्या हातात एक लाकडी काठी दिली, बस्स. काठी पाठीवर उभी धरून डोकं, पाठ आणि माकडहाड ही तीन ठिकाणं तिला टेकलेली ठेवून कमरेतून वाकायचं. मला ते येईना. वाकायचं म्हटलं की मी पाठच वाकवायची. चाळीस वर्षं तसंच वाकत आले होते.

बारवर पहिल्यांदा वजनाच्या मोठ्या प्लेटा, म्हणजे चकत्या, चढल्या तेव्हाची गोष्ट सांगते. वजन 40 किलो. त्याच्या आदल्या आठवड्यात 35 सहज उचललं होतं. पण बारच्या दोन्ही टोकांना त्या मोठ्या प्लेटा दिसल्या आणि पोटऱ्या सैल पडल्या. कमरेत काही दुखत नव्हतं. डोक्यात मात्र तो रिपोर्ट उघडला होता. मी बारला हात लावला, सोडला. परत लावला, परत सोडला. कोच काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, बारपाशी उभं राहून विचार करू नका. तिकडं भिंतीपाशी जावा, विचार तिथं करा. ठरलं की या. नाही ठरलं तर नका येऊ, प्लेटा मी काढतो की."

मनाच्या तयारीबद्दल मला जे कळलं त्याचा गाभा या एका बोलण्यात आहे. शंका घ्यायचीच, पण बारपासून लांब असताना. झोप कशी झाली, गुडघा आज काय म्हणतोय, सकाळी बीपी किती होतं, मागच्या वेळी शेवटचा रेप, म्हणजे सेटमधली शेवटची उचल, कशी गेली, हे सगळं भिंतीपाशी विचारायचं आणि खरं उत्तर द्यायचं. एकदा ठरलं आणि बारवर हात ठेवला की मग विचारणं बंद. कारण अर्धवट मनानं उचललेलं वजन हेच सगळ्यात धोक्याचं. मन मागं सरतं तेव्हा पोट सैल पडतं, पाठ गोल होते, आणि ज्याला भीत होतो ते नेमकं तेव्हाच होतं. पूर्ण मनानं उचललेले 50 किलो अर्ध्या मनाच्या 30 पेक्षा पाठीला सुरक्षित असतात, असं मी आज ठामपणे म्हणते.

म्हणून मी एक क्रम बांधून घेतलाय आणि तो कधी बदलत नाही. बारपासून तीन पावलं मागं. हाताला चॉक, म्हणजे घाम टिपणारी पांढरी पूड. पुढं जाऊन बार पावलाच्या मधोमध येईल असं उभं राहायचं, नडगीपासून दोन बोटं लांब. वाकून पकडायचं. बारचा खरखरीत भाग तळव्यात रुततो, तो रुतू द्यायचा. मग बगला आवळायच्या, जणू कुणी तिथून कागद ओढून घेतंय आणि आपल्याला तो द्यायचा नाही. अजून वजन उचललेलं नसतं, पण बार आणि प्लेटा यांच्यात जी बारीक फट असते ती मिटते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज ऐकला की पायांनी जमीन खाली ढकलायची. एवढंच. 20 किलोचा नुसता बार असला तरी हाच क्रम, 60 किलो असले तरी हाच. हलक्या वजनालाही मान द्यायचा. सवयीनं हा क्रम इतका मुरतो की भीती आली तरी तिला शिरायला जागा सापडत नाही.

हे मला नवं वाटू नये अशा गावात मी राहते, असं नंतर लक्षात आलं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. मानाचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते उभे धरून 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला नेतात. एवढी उंच काठी, तिचा भार एका माणसाच्या अंगावर, आणि वर तोल. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर उसळलेला असतो, पण काठी धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघा. तिथं आवेश नसतो. डोळे वर लागलेले, पावलं मोजकी, श्वास संथ. यात्रेच्या आधी कितीतरी दिवस त्यांचा सराव चालतो, तेव्हाही चेहरा असाच असतो. लहानपणापासून बघत आले, पण भार पेलणाऱ्याचं मन कसं असावं हे मी त्यांच्याकडून शिकू शकते, हे बारसमोर उभी राहायला लागल्यावर कळलं.

तालमीतही जुने वस्ताद असंच काहीतरी सांगायचे असं अण्णा म्हणतात. अण्णा म्हणजे आमच्या जिममधले सगळ्यात वयस्कर. 74 वर्षांचे. एका गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मुलं शाळेत होती. भेटेल त्याला ते मालक म्हणतात, कोचलाही. तरुणपणी लाल मातीत खेळलेले, जोर-बैठका अजून निघतात. त्यांची अडचण माझ्या उलटी. मला बार बघून भीती वाटायची, त्यांना बार बघून जुनी उमेद चढते. अंगात रग येते आणि हात वजनाच्या पुढं धावतात. खांदा एकदा दुखावला तेव्हा महिनाभर घरी बसले. आता ते काय करतात तर बेंचवर झोपून छातीवरून बार ढकलण्याआधी वही उघडतात, आजचा आकडा वाचतात, मोठ्यानं म्हणतात, आणि तेवढंच उचलतात. 'आजचं आज,' म्हणतात. पंचवीस वर्षांच्या अण्णाशी 74 वर्षांच्या अण्णानं स्पर्धा करायची नाही हे त्यांनी ठरवलंय, आणि मला ती मोठी गोष्ट वाटते. स्नायू महिन्यात जोर धरतो, पण स्नायूबंध आणि सांध्यांना या वयात फार जास्त वेळ लागतो. मनाला धीर नसेल तर ही तफावत अंगावर येते.

पॉवरलिफ्टिंग म्हणजे स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांची स्पर्धा. तिथल्या लोकांनी हे नियमातच घातलंय. आंतरराष्ट्रीय संघटनेत चाळिशीच्या पुढं मास्टर्सचे वेगळे गट आहेत: 40 ते 49, 50 ते 59, 60 ते 69 आणि 70 च्या पुढं. बायकांचेही तसेच. प्रत्येक प्रकारात तीन संधी. एकदा सांगितलेलं वजन पुढच्या संधीला कमी करता येत नाही. म्हणून पहिलं वजन असं सांगायचं की जे वाईट दिवशीही तीनदा निघेल. आमचा कोच वर्षाकाठी जिममध्येच असा खेळ लावतो, खुर्च्या मांडून, घरचे लोक बोलावून. पहिल्या संधीचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा असतो. त्या चिठ्ठीवर आकडा लिहिताना माणसाला स्वतःबद्दल जेवढं कळतं तेवढं बाकी महिन्यांत कळत नाही.

डोळे मिटून उचलणं हाही आमच्या तयारीचा भाग. रात्री झोपताना मी उद्याचा सेट मनात करून बघते: चॉकचा कोरडा स्पर्श, रुतणारा बार, तो टक् आवाज. याला अंधश्रद्धा म्हणू नका. 2004 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या संशोधकांनी काही तरुणांना 12 आठवडे फक्त कल्पनेत स्नायू आवळायला लावले. करंगळीची ताकद 35 टक्क्यांनी वाढली, कोपर वाकवण्याची 13.5 टक्क्यांनी. 2014 साली ओहायोत लोकांचं मनगट चार आठवडे बांधून ठेवलं. नुसते बसलेल्यांची ताकद 45 टक्क्यांनी गेली, नेमानं मनातल्या मनात मनगट आवळणाऱ्यांची 24 टक्क्यांनीच. ताकद आधी मेंदूत आणि नसांत असते, स्नायू नंतर येतो. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला वजन बंद होतं त्या दिवसांतही मी रात्रीचा सेट सोडला नाही. परत गेले तेव्हा पाय विसरलेले नव्हते.

आता श्वास. या वयात यावरून खरा धोका होतो म्हणून थोडं सविस्तर सांगते. जड वजनाला माणूस आपोआप श्वास कोंडतो. 1985 साली कॅनडात पाच तरुण बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला, तर पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी 320/250 पर्यंत गेलेला सापडला. धडधाकट तरुणांचा हा हिशेब. आमच्यातल्या निम्म्यांना बीपीच्या गोळ्या चालू. म्हणून आम्ही शेवटच्या दमापर्यंत जातच नाही. सेट संपला तेव्हा अजून दोन-तीन रेप निघाले असते असं वाटलं पाहिजे, तिथं थांबायचं. वर येताना दातांतून हळू श्वास सोडायचा. काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, तेव्हा नाडी मोजून काही कळत नाही. किती जड गेलं हे दहापैकी आकड्यात सांगायचं, आणि कोच तेच वहीत लिहितो. या आकड्याशी खरं बोलणं ही मनाची शिस्त आहे. कोच समोर असतो, बाजूला तरुण पोरगी आपल्या दुप्पट उचलत असते, आणि तोंडातून 'सहा' निघतं जेव्हा ते आठ असतं. जिममध्ये शरीराला नेमकं इथं फसवलं जातं.

खाण्याबद्दल लोक फार विचारतात, पण तिथं माझ्याकडं नवं काही नाही. वय झालेल्यांनी वजनाच्या दर किलोला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. ज्वारीची भाकरी, डाळ, दही, अंडी, आणि शेंगा चटणी चवीपुरती न घेता चांगली पळीभर. सोलापुरात हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

गेल्या आठवड्यात समोरच्या वहिनी आल्या होत्या. त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. दारातच म्हणाल्या, "तुम्ही वजनं उचलता म्हणं. आमाला जमंल का ओ?" मी त्यांना चहा दिला आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तिसऱ्यांदा उठताना त्यांचा हात खुर्चीच्या दांड्याकडं गेला. त्यांनी तो स्वतःच मागं घेतला, थांबल्या, पदर खोचला, आणि उठल्या. मग आणखी दोनदा उठल्या. उठून झाल्यावर माझ्याकडं बघितलं ते असं, की शाळेत गणित सुटल्यावर पोरं बघतात तसं.

त्यांच्याकडं शुक्रवारी पाणी येणार आहे, म्हणून सोमवारचं ठरलंय. तोवर त्यांनी डॉक्टरांना विचारून यायचं, बीपीची गोळी चुकवायची नाही, काहीतरी खाऊन यायचं, सपाट तळाचे बूट घालायचे. कोचला मी सांगून ठेवलंय: महिनाभर खुर्ची आणि लाकडी काठी, बारला हात नाही.